मिल रोलरची पूजा का करतात?

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास बातम्या येतात: अमुक साखर कारखान्यात मिल रोलरचं पूजन झालं. हार, नारळ, चेअरमन, फोटो. पण त्या लोखंडी रोलरमध्ये एवढं आहे तरी काय?

1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणारा शेतकरीच मिलचा मालक झाला. मग रोलरची झीज ही सभासदाच्या खिशाची गोष्ट झाली.

कशी ते बघा. एका मिलमध्ये मुख्य रोलर तीन: एक वर, दोन खाली. उसासोबत माती-वाळू येते आणि हंगामभर दाते घासत राहतात. दाते झिजले की ऊस घसरतो, दाब कमी पडतो, रस चिपाडातच राहतो. म्हणजे उतारा कमी. आणि उसाची एफआरपी ठरते उताऱ्यावरच!

म्हणून गाळप संपलं की रोलर क्रेननं बाहेर काढतात. व्यास मोजतात, तडे शोधतात, बेअरिंगमध्ये फिरणारा भाग घासलाय का ते तपासतात. लेथवर दाते पुन्हा कापतात, पकड यावी म्हणून त्यांच्यावर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके देतात. कवचच संपलं असेल तर नवं तापवून शाफ्टवर चढवतात. गार होताना ते आवळून बसतं. शेवटी रोलर समांतर बसवून मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लावतात.

पूजन होतं ते या बसवणीच्या वेळी. फोटोत चेअरमन दिसतात. अंतर लावणारा फिटर दिसत नाही, पण उताऱ्याची सुरुवात त्याच्याच हातून होते.