कुऱ्हाड कोणाची?

जंगल कोण तोडतं? भुकेला माणूस, असं मलाही वाटायचं. ब्राझीलचा इतिहास वाचला आणि मत बदललं.

१९७० साली तिथल्या ईशान्य भागात मोठा दुष्काळ पडला. जमीन मोजक्या जमीनदारांकडे. ती वाटायची म्हणजे त्यांना दुखवायचं. मग लष्करी राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांनी सोपी वाट काढली. ॲमेझॉनच्या जंगलातून महामार्ग काढायचा आणि भूमिहीनांना तिकडे वसवायचं. घोषणा होती, ‘भूमिहीन माणसांसाठी माणसांविना भूमी’. तिथले आदिवासी बहुधा माणसांत मोजले नसावेत!

झाडं जाळली. राखेवर थोडी पिकं आली, मग जमीन थकली, कारण या जंगलाचा कस मातीत कमी, झाडांतच जास्त. कित्येक शेतकरी निघून गेले, गुरांची कुरणं आली. रस्त्याला मात्र फाटे फुटत राहिले. २००४ साली एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गेलं. पुढे सरकारने उपग्रहातून पाळत ठेवली, कारवाई केली, आणि २०१२ साली हाच आकडा पाच हजारांच्या आत आला.

म्हणजे कुऱ्हाड गरिबाच्या हातात असली, तरी ती देणारे आणि काढून घेणारे राजधानीत बसलेले असतात. आणि झाडं गेली की पाऊसही घटतो. दुष्काळातून पळालेल्यांच्या हातून पुढचा दुष्काळ पेरून घेतला, याला काय म्हणावं?