शेंदूर, मिग आणि माझी गाडी

गेल्या शनिवारी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर पार्ट मांडून बसलो होतो. सस्पेन्शनचे आर्म, स्टीअरिंगचा आर्म, गिअरबॉक्सचं हाउसिंग, ब्रेकचे ड्रम. शेजारी रंगाचे डबे. आणि एकच प्रश्न: रंगवायचं का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीत घरी एक दोन सीटची गाडी बांधतो. रस्त्यावर आणायची नाहीये, आपल्याकडे अशा गाडीची नोंदणी होणं महाकठीण. मित्राच्या द्राक्षबागेतल्या कच्च्या रस्त्यावर फिरली की पावलो. मित्राचं मत होतं, सगळं क्रोम करून टाक, झकास दिसेल. आमच्या काकांचं मत होतं, काहीच लावू नकोस. काकांनी आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलंय, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायच्या आधी थोडा इतिहास वाचावा म्हटलं.

सुरुवात घरापासून. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर ओझर. १९६४ मध्ये इथे मिग-२१ बांधायचा कारखाना आला. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. सुरुवातीची आपली मिग विमानं चक्क उघड्या धातूची, चंदेरी. रंग म्हणजे वजन, आणि अ‍ॅल्युमिनियम हवेत स्वतःच आपल्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढवून घेतं. मग आणखी कशाला? पण १९७१ चं युद्ध आलं. चकचकीत विमान धावपट्टीवर उभं असलं की वरून आरशासारखं चमकतं. मग घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, आणि नमुने काही एकसारखे नव्हते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. त्याच्या रंगाचा निर्णय मात्र कधीच 'काय छान दिसतं' यावर झाला नव्हता.

गाड्यांच्या दुनियेतली चंदेरी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९३४, न्यूर्बुर्गरिंग. मर्सिडीजची रेसची गाडी ७५० किलोच्या मर्यादेपेक्षा किलोभर जास्त भरली, म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि 'सिल्व्हर अ‍ॅरो' जन्माला आले. गोष्ट मस्त आहे, पण इतिहासकार मान डोलवत नाहीत. त्या शर्यतीला ती वजनमर्यादा लागूच नव्हती म्हणे! असो. दंतकथा असली तरी एवढं कळतं की रंगाला वजन असतं.

माझी गाडी ज्या घराण्यातली, ती लोटस सेव्हन १९५७ ची. इंग्लंडमध्ये तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक गाडी खोक्यांत विकत घेऊन घरीच जोडत. आतले पार्ट बाहेरून दिसणारी गाडी ती, तेव्हा हा प्रश्न तिच्याबरोबरच आलेला.

आता दुसरी बाजू. लोखंडाला अ‍ॅल्युमिनियमचं नशीब नाही. त्याचा गंज सुटत जातो आणि खाली नवा गंज धरतो. म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ पूल, जहाजं, पाण्याच्या टाक्या यांवर पहिला हात रेड लेडचा असे. रेड लेड म्हणजे शिशाचा ऑक्साइड, म्हणजेच आपला परंपरागत शेंदूर! गोल्डन गेट पुलाचं पोलाद अशाच लालसर प्रायमरमध्ये आलं, आणि ते पाहूनच त्याचा तो प्रसिद्ध नारिंगी रंग सुचला. शिसं विषारी, म्हणून आता फॅब्रिकेशनवाले रेड ऑक्साइड मारतात. तो साधा लोहाचा ऑक्साइड.

शेंदरावरून वणीची सप्तशृंगी आठवली. वर्षानुवर्षं चढलेला शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये काढला, तेव्हा खालचं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. लेप जपतो, पण झाकतोही. हे वाक्य त्या दिवशी डोक्यात राहिलं.

कारण पुढे झालं असं. स्टीअरिंगचा आर्म सेकंड हँड घेतलेला. त्यावर आधीच्या मालकाने मारलेला काळा रंग, दोन-तीन थर. काका म्हणाले, "आधी सोलून काढ, मग बोलू." सोलला. अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये डीपी टेस्ट केली. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर.

मी त्यावर आणखी एक छान थर देणार होतो. मित्राच्या सल्ल्याने क्रोम केलं असतं तर आणखी वाईट. प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. काका काही बोलले नाहीत. आर्म उचलला आणि भंगाराच्या डब्यात टाकला.

तर ठरलं ते असं. चासीला प्रायमर आणि वर फिकट राखाडी. रेसवाले फिकट रंग पसंत करतात, कारण त्यावर चीर आणि तेलाची गळती लगेच दिसते. आर्म आधी तपासायचे, मग त्यांना एकच पातळ हात. गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियम उघडंच. आटे, बोल्ट बसतो ते पृष्ठभाग आणि अर्थिंगची जागा कोरी, कारण बोल्टखालचा जाड रंग दबत जातो आणि बोल्ट सैल पडतो. ड्रमच्या आत तर रंगाचा थेंबही नाही.

काका म्हणाले होते काहीच लावू नकोस. मी लावतोय. पण त्यांना खरं काय म्हणायचं होतं ते आता कळलंय. कोडमध्येही एरर आली की वर एक गोंडस मेसेज लावून मोकळं व्हायचा मोह होतोच की. सोमवारी ऑफिसात एक तसा मेसेज काढून टाकला. खाली काय निघालं ते पुन्हा कधीतरी.

नवा आर्म शोधतोय. कुणाकडे असेल तर कळवा, पण कृपया रंगवलेला नको!