शेर कोणता, कैली की वजनी?

जुन्या अंकगणितात मापांची दोन कोष्टके पाठ करावी लागत. वजनी कोष्टक तराजूचे: छटाक, पावशेर, शेर, मण. कैली कोष्टक भरून मोजण्याचे: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. 'शेर' मात्र दोन्हीकडे होता, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच होते.

वजनी शेर भार सांगतो, कैली शेर जागा. एक लिटर तांदूळ सुमारे 800 ग्रॅम भरतो. हल्ली मिळणारे चपटे ओट्स त्याच मापात जेमतेम 350 ते 400 ग्रॅम. कारण मापात दाण्यांबरोबर हवाही मोजली जाते. ज्वारीसारखे गोल दाणे सैल ओतले, तर साधारण 40 टक्के जागा रिकामी राहते. माप आपटले की दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर धान्य मावते.

म्हणूनच माप कोण भरतो, याला महत्त्व येई. मजुरी, बलुते आणि उसनवारी धान्यातच चाले. मापाच्या काठावर उभी राहणारी रास म्हणजे शीग. 'शिगेला पोचणे' हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. आता हिशोब करू. मापाची उंची त्याच्या व्यासाइतकी आहे आणि शिगेची उंची मापाच्या त्रिज्येच्या निम्मी आहे, असे मानू. मग शंकूच्या घनफळाच्या सूत्राने शीग मापाच्या बाराव्या हिश्श्याइतकी येते. सपाट मापाने दिलेले धान्य शिगेच्या मापाने परत घेतले, तर 12 पायल्यांमागे एक पायली फुकट! माप उथळ आणि रुंद असेल, तर नुकसान आणखी जास्त.

तराजूमुळे हा प्रश्न सुटला असता, पण वजनेही गावोगावी निराळी होती. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे सुमारे 12.7 किलोचा, बंगालचा मण सुमारे 37.3 किलोचा. ब्रिटिश हिंदुस्थानात 1939 च्या कायद्याने 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा शेर प्रमाण ठरवला. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तो कायदा इथे लागू नव्हता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच डिसेंबरात संसदेने वजन-मापांचा कायदा केला. 1 ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि 1 एप्रिल 1962 पासून देशभर सक्तीची झाली. मोंढ्यातला व्यवहार क्विंटल-किलोवर गेला आणि हवा मोजणे थांबले.

स्वयंपाकघरात मात्र वाटी आणि पेला अजून कैलीच आहेत. भाताला ते चालते, कारण तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने घेतले की प्रमाण जमते. पण पाककृतीत ओट्स ग्रॅममध्ये दिलेले असतील, तर तांदळाची वाटी उपयोगी पडत नाही. त्या पदार्थाची एक वाटी आधी तोलावी लागते.

वर्गात एक लिटरचे माप ज्वारीने सैल भरून, मग आपटून आणि शेवटी शीग लावून तोलावे. तीन वजने फळ्यावर लिहावीत आणि विचारावे: मजुरी यांपैकी कोणत्या मापाने द्यावी?