पडद्याआडचे दुखणे

अलीकडे शहरांतून स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रिया साजशृंगार करून रंगमंचावर येतात, लहानथोर साऱ्या. मुखेडला आपल्याला याचे नवल वाटेल; कोणी नाकही मुरडील. पण ज्या दुखण्याचे नाव आपल्या घरांत दबक्या आवाजातही निघत नसे, ते त्या चारचौघांत सांगतात, हे थोडे नव्हे.

1941 साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. उपचार आले, पण गाठ दुखत नाही, आणि सांगावे तरी कोणाला, म्हणून बाई घरीच राही. 1998 साली त्याच संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वेगळी वाट धरली. 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. यंत्र नाही, पुरुष डॉक्टर नाही. 2021 साली निष्कर्ष आला : पन्नाशीपुढील स्त्रियांतले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, त्याआधीच्या वयात मात्र तसा लाभ दिसला नाही.

उद्या मुखेडला असा सोहळा भरला, तर आम्ही एवढेच विचारू : मांडवाच्या कोपऱ्यात पडदा लावून एखादी आरोग्यसेविका बसली आहे काय?