नोंदवहींत न आलेला इतिहास

आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत स्त्रीचें नांव बहुधा तीन वेळां येतें: बाप्तिस्मा, विवाह व दफन. मधल्या साठ-सत्तर वर्षांविषयीं त्या मौन धरितात. ही उणीव कशी भरून निघते, हें महिला महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थिनी एकत्र जमल्या म्हणजे कळतें.

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत लाकडी पिंपें बनविणाऱ्या एका कारागिराची कन्या संत मादलेन सोफी बारा (१७७९–१८६५) हिला तिच्या थोरल्या बंधूनें लॅटिन व ग्रीक शिकविलें. त्या काळीं मुलींस असें शिक्षण दुर्मिळ होतें. १८०० सालीं तिनें स्थापिलेल्या पवित्र हृदयाच्या धर्मभगिनींच्या संघानें १९४० सालीं मुंबईस सोफिया महाविद्यालय उघडिलें. १९६४ पर्यंत या भगिनी मठाची मर्यादा सहसा ओलांडीत नसत. त्यांच्या विद्यार्थिनी मात्र दूरदूर गेल्या.

आज त्यांतील कित्येकींचे केस पिकले आहेत. भेटल्या कीं कोणी शाळेंतील नोकरीविषयीं बोलते, कोणी वैधव्याविषयीं, तर कोणी परदेशीं असलेल्या नातवंडांविषयीं. ऐकणारास हें किरकोळ वाटेल. आमच्या मतें इतिहास तो हाच. कोणत्या घरची पहिली मुलगी पदवीधर झाली व तिच्यामागून किती जणी शिकल्या, हें अन्यत्र कोठें सांपडणार?

म्हणून, माताभगिनींनो, आपल्यापैकीं ज्या कोणी अशा विद्यालयांत शिकल्या, त्यांनीं या महोत्सवी वर्षीं आपली हकीकत लिहून द्यावी. आम्ही ती नोंदवह्यांशेजारीं जपून ठेवूं. दफनाची नोंद आम्हांस करावीच लागते. तत्पूर्वीं जीवनाची व्हावी, इतकीच आमची इच्छा.