गर्भिणीचें पथ्य : मूळ पाठ व गळलेले शब्द

जुन्या पोथीची नक्कल उतरतांना एखादा शब्द गळला तर मूळ अर्थाची केवढी हानि होते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. 'न' हें एक अक्षर सुटलें तर निषेधाचा विधि होतो. 'वा' सुटला तर विकल्पाची सक्ति होते. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या पाठभ्रंशाचा विचार करणार आहों तो मात्र कोणत्याही एका पोथींतला नाहीं. तो लोकांच्या तोंडीं झालेला आहे. गर्भिणीनें काय खावें व काय खाऊं नये याविषयीं घरांतलीं, शेजारचीं व प्रसंगीं वाटेवरचींही माणसें, तिनें विचारलें नसतां, जो उपदेश करितात, त्यास "हें शास्त्रांत सांगितलें आहे" अशी पुस्ती बहुधा जोडलेली असते. तें शास्त्रांत खरोखर सांगितलें आहे काय, आणि असल्यास कोणत्या शब्दांत, हें मूळ ग्रंथ उघडून पाहणें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आधारासाठीं आम्हीं चरकसंहितेच्या शारीरस्थानाचे चौथा व आठवा हे अध्याय, सुश्रुताच्या शारीरस्थानाचा तिसरा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील शारीरस्थानाचा पहिला अध्याय घेतला आहे. चरकाची यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली निर्णयसागर छापखान्याची १९४१ ची आवृत्ति, व अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं सिद्ध केलेली अष्टांगहृदयाची १८८० ची मुंबईची आवृत्ति, या संग्राहकांच्या परिचयाच्या आहेतच.

चरकानें आठव्या अध्यायांत महिनेवार आहार दिला आहे. पहिल्या महिन्यांत औषध न घातलेलें थंड दूध बेतानें, दुसऱ्यांत मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें दूध, तिसऱ्यांत मध व तूप घातलेलें दूध, चौथ्यांत दुधाचें लोणी, पांचव्यांत तूप, सहाव्या व सातव्यांत मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें तूप, आठव्यांत दुधांत शिजविलेली पेज, वर तूप घालून. नवव्या महिन्यांत खाण्यापेक्षां तेलाच्या बस्तीवर भर आहे. हा क्रम वाचतांना पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही कीं, तो देण्याचा क्रम आहे, काढून घेण्याचा नव्हे. गर्भिणीस कांठोकांठ भरलेल्या तेलाच्या भांड्याप्रमाणें, हिंदकळूं न देतां, सांभाळावें असें त्याच अध्यायांत म्हटलें आहे. रूढींत मात्र गरोदर बाईचें पथ्य म्हणजे मुख्यतः निषेधांची यादी होऊन बसली आहे.

हे निषेध ग्रंथांत मुळींच नाहींत असें नाहीं. उष्ण पदार्थ वर्ज्य हा जो सार्वत्रिक समज आहे त्याचें मूळ चरकाच्या चौथ्या अध्यायांत सांपडतें. परंतु तेथें जड, उष्ण व तीक्ष्ण या तिन्ही गुणांच्या आधीं 'अति' हा उपसर्ग आहे. फार जड, फार उष्ण, फार तीक्ष्ण असें जें कांहीं, तें गर्भास बाधक, एवढेंच ग्रंथकारास म्हणावयाचें आहे. उपदेश करणाऱ्यांच्या तोंडीं उपसर्ग गळाला व गुण तेवढा राहिला. आणि तीळ, खजूर, गूळ यांचा एक घांसही संशयास्पद ठरला.

दुसरा गळलेला शब्द याहून महत्त्वाचा आहे. आठव्या अध्यायांत कोणत्या आहारानें कोणतें व्यंग येतें याची एक मोठी मालिका दिली आहे. गोड खाणारीचें मूल प्रमेही, मुकें किंवा अतिस्थूल. आंबट खाणारीचें रक्तपित्ताचें अथवा त्वचेच्या व डोळ्यांच्या रोगाचें. खारट खाणारीचें लवकर सुरकुत्या पडणारें, पिकल्या केसांचें किंवा टक्कल पडणारें. मासे खाणारीचें मूल उशिरां पापणी लवविणारें किंवा ताठर नजरेचें, अशी ती मालिका आहे. तिच्यांतील दोषांची यादी रूढीनें उचलली. परंतु या प्रत्येक ठिकाणीं मूळ शब्द 'नित्या' असा आहे: मधुरनित्या, अम्लनित्या, लवणनित्या. घोरपडीच्या व डुकराच्या मांसाविषयीं 'प्राया' हा शब्द आहे. म्हणजे एकच रस रोजच्या रोज किंवा मुख्यत्वें खाणारी, अशा स्त्रीविषयीं हें वचन आहे. गोडापासून तुरटापर्यंत सहाही रस या मालिकेंत येतात. 'नित्या' हा शब्द काढला तर सहाही रस निषिद्ध होतील व गर्भिणीस खावयास कांहींच उरणार नाहीं. ग्रंथकाराचा आशय मिश्र आहाराचा आहे; त्याच्या नांवावर खपणारा उपदेश उपासाच्या दिशेनें जातो.

हीं फलवचनें आजच्या वैद्यकास जशींच्या तशीं मान्य होणार नाहींत, हें उघड आहे. मिठानें मुलास टक्कल पडतें असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि त्याच मालिकेंत नित्य मद्य पिणारीचें मूल अल्पस्मृति व अस्थिर चित्ताचें होतें असें जें म्हटलें आहे, त्याच्या जवळ जाणारें निदान पाश्चात्य वैद्यकांत १९६८ मध्यें फ्रान्सांत व १९७३ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. जुन्या ग्रंथांत सर्वच खरें किंवा सर्वच खोटें असें मानून चालत नाहीं. वचन वचन तपासावें लागतें.

आतां एका अशा निषेधाकडे वळूं कीं ज्याचा काळ ठरविण्यास भाषेचें व वनस्पतींचें साहाय्य मिळतें. महाराष्ट्रांत गरोदर बाईस पपई व अननस देऊं नये असें सांगणारा माणूस तें ऋषींचें वचन म्हणून सांगतो. परंतु हीं दोन्ही झाडें अमेरिकेंतलीं. कोलंबसाच्या पूर्वीं तीं या देशांत कोणी पाहिलीं असण्याचा संभव नाहीं. मग चरक, सुश्रुत किंवा वाग्भट त्यांचा निषेध कोठून करणार? 'अननस' हा शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून पोर्तुगीजांच्या द्वारें आला. 'पपई' हाही त्याच मार्गानें आला. १५८३ मध्यें गोव्यास आलेला डच प्रवासी लिन्स्कोटन यानें १५९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत पपई फिलिपाइन्सकडून मलाक्क्यास व तेथून हिंदुस्थानांत आल्याचें लिहिलें आहे. अननसाचा उल्लेख ऐने-अकबरींत आहे, व तो फिरंग्यांच्या बंदरांतून येणारें फळ असल्याचें जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. तेव्हां हा निषेध सोळाव्या शतकापूर्वींचा असूं शकत नाहीं. तो नवा असून जुन्या मोहोरेचा आहे. बनावट सनद ओळखण्याची जी रीत, तीच येथें लागू पडते: कागदावरील तारखेच्या वेळीं जी वस्तु अस्तित्वांतच नव्हती तिचें नांव कागदांत आलें, कीं कागद खोटा.

निषेध नवा म्हणून निराधारच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कच्च्या पपईच्या चिकानें गर्भाशय आकुंचन पावतो असें सिंगापूर येथील संशोधकांस उंदरांवरील प्रयोगांत आढळलें. पिकल्या पपईनें मात्र कांहीं अपाय दिसला नाहीं. हे प्रयोग २००२ मध्यें प्रसिद्ध झाले आहेत. ज्या कोणी पहिल्यानें हा इशारा दिला त्यानें बहुधा कच्चें फळ व चीक पाहूनच दिला असावा, असा आमचा तर्क आहे. पुढें 'कच्ची' हा शब्द गळाला. पिकलेली पपई डोळ्यांस व रक्तास हितकर असून स्वस्त व परसांत होणारी. ज्या घरांत दुसरें फळ येत नाहीं तेथेंही ती असते. तीच गरोदर बाईच्या पुढून उचलली जाते.

वर्णाविषयींचा उपदेशही असाच अर्धा राहिला आहे. केशर घातलें दूध प्यावें, शहाळ्याचें पाणी प्यावें, म्हणजे मूल गोरें होतें, असें सर्रास सांगतात. चरकाच्या आठव्या अध्यायांत गौरवर्ण पुत्राची इच्छा करणाऱ्या स्त्रीनें गर्भधारणेपूर्वीं करावयाचा विधि आहे खरा. त्यांत पांढऱ्या जवांचा मंथ व पांढऱ्या गाईचें दूध हीं आहेत. परंतु त्याच्या लगतच श्यामवर्ण, आरक्त डोळ्यांचा, रुंद छातीचा पुत्र इच्छिणाऱ्या, तसेंच काळ्या वर्णाचा, मऊ व लांब काळ्या केसांचा पुत्र इच्छिणाऱ्या स्त्रियांचाही विचार केला आहे. ग्रंथकाराच्या काळीं सांवळें मूल हेंही मागून घेण्याजोगें होतें. रूढीनें त्यांतील गोरें तेवढें ठेविलें. मुलाचा वर्ण आईबापांकडून येतो, केशराकडून येत नाहीं, हें आतां निर्विवाद आहे. पण पदरीं पैसा नसतांही केशराची डबी विकत घेणारीं घरें आजही आहेत.

येथवर गळलेल्या शब्दांविषयीं झालें. यापुढील गोष्ट शब्दाची नसून अधिकाराची आहे. 'डोहाळे' हा मराठी शब्द दोहद किंवा दौर्हृद या संस्कृत शब्दांशीं संबद्ध. सुश्रुत म्हणतो कीं चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून ती स्त्री दोन हृदयांची. तिची इच्छा डावलली तर मूल कुबडें, लंगडें, ठेंगणें अथवा डोळ्यांत व्यंग असलेलें होतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांतही दोहद न पुरविल्यास गर्भास दोष लागतो, यास्तव स्त्रीस जें प्रिय तें करावें, असें सांगितलें आहे. चरक व वाग्भट तर याहून पुढें जातात: इच्छा तीव्र असेल तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थांत मिसळून द्यावा. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत मातीचे डोहाळे लागलेली सुदक्षिणा रंगविली आहे. तेथें राजा दिलीप तिला उपदेश करीत नाहीं, तर तिला काय हवें तें तिच्या सख्यांस विचारतो. शिवभारताच्या सहाव्या अध्यायांत कवींद्र परमानंदानें जिजाबाईंचे वीरोचित डोहाळे वर्णिले आहेत, तेही याच परंपरेला धरून.

या सर्वांत गर्भिणीच्या आहाराचा प्रथम प्रमाणपुरुष, असें म्हणावयाचें तर, गर्भिणी स्वतः आहे. विचारावयाचें तें तिला. प्रसूतीच्या वेळीं जवळ असाव्यात म्हणून चरकानें ज्या अनुभवी स्त्रियांचें वर्णन केलें आहे त्यांच्या विशेषणांत स्नेहाळपणा, कुशलता, सोशिकपणा यांबरोबर 'अभिमत' असाही शब्द येतो. तिला पसंत असलेल्या, असा त्याचा अर्थ आम्हांस दिसतो. न बोलाविलेल्या सल्लागारास या यादींत जागा नाहीं. रूढींत या विचाराचें डोहाळजेवण तेवढें उरलें: एक दिवस तिच्या मनाचें, बाकीचे दिवस इतरांच्या.

असें कां झालें याचें उत्तर इतिहासांत शोधावयास दूर जावें लागत नाहीं. गर्भ हा बाईचा नसून घराण्याचा ऐवज, ही समजूत होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाल्यावर गंगाबाईंच्या उदराकडे सबंध राज्याचे डोळे लागले. त्यांस पुरंदरावर नेऊन ठेवण्यांत आलें, व १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. पेशव्यांच्या घरीं जें राज्याचें, तें सामान्य घरीं कुळाचें. ऐवज ज्याचा, हुकूम त्याचा.

या हुकमाची किंमत काय पडते तें मुंबईच्या एका संशोधनावरून कळतें. १९२८ मध्यें लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई गरोदरपणांतील प्राणघातक रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठीं येथें आल्या. त्यांनीं गिरणगांवांतील गरीब स्त्रियांचा आहार तपासला, हाफकिन संस्थेंत प्रयोग केले, व यीस्टच्या अर्कानें हा रोग बरा होतो असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील अज्ञात द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड, असें पुढें ठरलें. तें १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांपासून वेगळें काढण्यांत आलें, आणि त्याचें नांवही पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलें. त्या स्त्रियांच्या रोगाचें मूळ दारिद्र्यांत होतें, उपदेशांत नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु दारिद्र्यानें अर्धें ताट आधींच नेलेलें असतां पालेभाजी वातूळ, फळ उष्ण, आणि फार जेवलीस तर मूल मोठें होऊन अडेल, असें म्हणून उरलेल्या अर्ध्यांतून काढून घेणें हें हितचिंतन कसें म्हणावें? पुण्याजवळील सहा खेड्यांत झालेल्या व २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं मुलें जन्मतः अधिक वजनाचीं आढळलीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शेंकडा ५२.२ गर्भवती स्त्रिया रक्तक्षयानें पीडित होत्या. हा विषय केवळ पुराणवस्तूंचा नाहीं.

अखेरीस संग्राहकांस विनंति. आपल्या दप्तरांत वैद्यकाचीं बाडें, घरगुती औषधांच्या वह्या, डोहाळजेवणाच्या सामानाच्या याद्या, डोहाळ्यांचीं पदें असतील. वैद्यकाचीं बाडें बहुधा नुसखे म्हणून व पदें बायकी म्हणून बाजूस पडतात. त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात: 'अति' व 'नित्य' हे शब्द मराठी अनुवादांत टिकले आहेत कीं गळाले, पपई व अननस यांचा निषेध प्रथम कोणत्या शकाच्या कागदांत दिसतो, आणि कच्च्या-पिक्क्याचा भेद कोठें केला आहे काय. राजकारणाच्या पत्राइतक्याच काळजीनें हे कागद जपले, तर हा पाठभ्रंश केव्हां व कोणाच्या हातून झाला तें ठरवितां येईल. तोंवर, शास्त्राचें नांव घेऊन गरोदर बाईच्या ताटांतील पदार्थ उचलणाऱ्यास मूळ पाठ विचारावा, आणि पदार्थाविषयीं तिलाच विचारावें, एवढें म्हणण्यास प्रस्तुतचा पुरावा पुरेसा आहे.