कोऱ्या दप्तरातली पहिली नोंद

जळगाव असो की धुळे, सेतू केंद्रात सातबारा आता मिनिटभरात हाती पडतो. त्यामागच्या सर्व्हरमध्ये पहिल्यांदा माहिती कुणी भरली, हे सहसा कुणी विचारत नाही. खान्देशाने मात्र असा प्रश्न फार पूर्वी, तोही रस्त्यावर उतरून विचारला होता. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध उठले. सारा वाढेल ही धास्ती होतीच. पण सरकारी दप्तरात एकदा चढलेला आकडा पुन्हा उतरत नाही, हेही त्यांनी ओळखलं असावं. फौज आली, उठाव मोडला, मोजणी पुरी झाली. पुढे १९०३ च्या कायद्याने जमिनीवर कुणाचा कसला हक्क तेही दप्तरात आलं.

मग राज्य तलाठ्याच्या हाताचं. दहाएक वर्षांनी सातबाऱ्याचं पुस्तक भरलं की नवं लिहायला घ्यायचं. चालू नावं उतरवायची, कंस केलेली जुनी नावं सोडायची. या उतरवण्यातच एखाद्या भावाचं नाव गळायचं, किंवा ०.८० हेक्टरचं ०.०८ व्हायचं. चूक शोधायची तर गाव नमुना ६ मधला मूळ फेरफार काढायचा. नवं पुस्तक म्हणजे कोरं पुस्तक नव्हे. मागचं समोर ठेवल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही.

संगणक आला तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. हस्तलिखित सातबारे टंकले गेले, मूळ आणि टंकलेलं जुळेना, म्हणून ई-फेरफार या संगणक प्रणालीत एडिट, री-एडिट अशा फेऱ्या झाल्या, गावोगाव चावडी वाचन झालं. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ ला आला तो त्यानंतर.

सर्व्हर चालवणाऱ्यांचा जुना वादही या कोऱ्या पुस्तकाच्या प्रश्नालाच येऊन भिडतो. सर्व्हर सुरू होताना डेटाबेस सापडला नाही तर त्याने तो स्वतःच तयार करावा का? पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत, डेबियन या लिनक्स प्रणालीवर पॅकेज बसवतानाच रिकाम्या डेटाबेसची मांडणी आपोआप होते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सवर त्यासाठी माणसाला वेगळी आज्ञा द्यावी लागते. मी रेड हॅटच्या बाजूचा. डिस्क जोडली गेली नाही आणि सर्व्हरने मुकाट्याने रिकामा डेटाबेस उभा केला, तर पडद्यावर सगळं सुरळीत दिसतं आणि आत एकही खातेदार नसतो. दप्तर हरवलंय की मुळातच नव्हतं, हा फरक यंत्राला आपणहून कळत नाही. तिथे सर्व्हरने चूक दाखवून थांबलेलं बरं. चाचणीच्या यंत्रावर खुशाल आपोआप होऊ द्या, तिथे गमावण्यासारखं काही नसतं.

सातबाऱ्यातही सगळं यंत्रावर सोडलेलं नाही. आज दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते आणि फेरफार क्रमांक पडतो. तरीही नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नाव सातबाऱ्यावर चढतं.